बंद तुकडा

आश्विन लागला की आमच्या घरात माझ्या मोज्यांवरून कुरबुर सुरू होते. नाशिक रोडला आमच्या कॉलनीमागे एक मोकळा प्लॉट आहे. कोर्टकज्ज्यात अडकलेला, म्हणून अजून इमारत उभी राहिली नाही. पावसाळाभर तिथं गवत माजतं आणि नवरात्राच्या सुमाराला ते पिवळं पडून वाऱ्यावर डोलू लागतं. सकाळी फिरायला जाताना माझे पाय आपोआप तिकडे वळतात. परत आलो की मोजे कुसळांनी भरलेले. हिला ती एकेक करून उपटायला लागतात. "चांगला डांबरी रस्ता सोडून त्या कचऱ्यात कशाला जाता?" हा हिचा दरवर्षीचा प्रश्न.

कचरा म्हणतात सगळे. मला मात्र ते गवत नावानिशी ओळखू येतं. ही कुसळी. हिच्या बियांना काळसर शेपट्या असतात. ओली झाली की शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि असं करत करत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं फिरवून घेतं. कुणी पेरायला नको. जिथं बाकीचं चांगलं गवत संपतं तिथं कुसळी राहते. एखाद्या माळावर नुसती कुसळी आणि तरवडाची झुडपंच दिसली तर समजावं की इथली जमीन दमली आहे.

हे मी पुस्तकात शिकलो होतो. पण 'दमली आहे' म्हणजे काय ते मला कळलं ते सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावात, एका पावसाळ्यात.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मला पहिली नेमणूक मिळाली ती पांढरखडी गावात. पर्यवेक्षक हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं पहिल्याच दिवशी मला डॉक्टर करून टाकलं. वय चोवीस. सायकलच्या कॅरिअरला लशींची पेटी, खिशात थर्मामीटर, आणि डोक्यात प्रशिक्षणातली ताजी वाक्यं. आमच्या शिकवणाऱ्या सरांचं एक वाक्य मला फार आवडायचं: "जनावराला दम खाऊ देता ना, तसा गवतालाही दम खाऊ द्या."

नोकरी लागली तेव्हा आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत खलाशी होते. बोलायला कमी. नेमणुकीचा कागद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "तुझ्या आज्यानं गावातली मेलेली गुरं ओढली. बाबासाहेबांचं ऐकून एक दिवस दोरी टाकून दिली आन् घर घेऊन हितं आला. तू आता जित्या गुरांना हात लावणार. चांगलं झालं." एवढंच. पण त्या दिवसानंतर गोठ्यात शिरताना माझी मान जरा ताठ असायची.

पांढरखडीचं गायरान गावाच्या दक्षिणेला होतं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला मुरमाड टेकाडं. मी पहिल्यांदा पाहिलं ते ज्येष्ठात. टक्कल पडलेल्या डोक्यासारखी ती जमीन. दुष्काळात गुरांनी गवताच्या मुळ्याही उकरून खाल्ल्या होत्या, आणि नंतर दोन पावसाळे झाले तरी कोंब वर आला की लगेच कुठल्यातरी तोंडात जात होता. जुनी माणसं सांगायची, पूर्वी इथं पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं इतकी वाढायची की बसलेलं वासरू दिसायचं नाही.

सरपंच होते दामूतात्या. साठीला आलेले, खिल्लारी बैलजोडीचा दांडगा षोक असलेले, आणि गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे. मी त्यांच्यापुढे वहीच्या मधल्या पानावर गायरानाचा नकाशा काढला. चार तुकडे. तीन तुकड्यांत गुरं पाळीपाळीनं फिरवायची, आणि ओढ्याकाठचा चौथा तुकडा पावसाळाभर पूर्ण बंद. गवताला फुलोरा येऊ द्यायचा, बी झडू द्यायचं. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद.

तात्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "चारातला एक बंद केला तर तीनात जास्त गर्दी व्हईल, डॉक्टर."

"एक वर्ष होईल. पण पुढं तीनच तुकडे चारांपेक्षा जास्त चारा देतील."

"कशावरनं?"

"मुळावरनं," मी म्हणालो. "गवत जेवढं वर असतं तेवढंच ते खाली असतं, तात्या. वरचं रोज ओरबाडलं की खालचंही आखडतं."

तात्यांना हे पटलं. चावडीपुढे सभा झाली, हात वर झाले. ओढ्याकाठच्या तुकड्याच्या कडेनं चुना फासलेले दगड मांडले, आणि दवंडी पिटली की आत जनावर सापडलं तर कोंडवाड्यात जाईल. सभेला कोण आलं होतं हे मी पाहिलं. कोण आलं नव्हतं हे पाहायचं मला सुचलं नाही.

आषाढात त्या तुकड्यानं जे रूप घेतलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. आधी नुसती हिरवी झाक, तीही तिरपं पाहिलं तरच दिसणारी. मग बोटभर, मग वीतभर. दगडांच्या या बाजूला खुरांनी तुडवलेला चिखल आणि त्या बाजूला दाट, ओलं, पात्यापात्यावर थेंब धरून उभं असलेलं गवत. नाकतोडे आले, मागोमाग लावे पक्षी आले. गुडघ्यावर बसून मी पाती ओळखायचो आणि एका सकाळी मला मारवेलचं एक ठोंब सापडलं. निळसर झाक असलेली, गाठीगाठीनं वाढणारी काडी. दुष्काळात सगळं खाल्लं गेलं असताना ही मुळी कुठंतरी दगडाआड जीव धरून राहिली होती. मी इतका हरखलो की कुणाला सांगावं कळेना. एकट्यानंच टाळी वाजवली.

श्रावणात एके दुपारी तात्यांचा निरोप आला की बंद तुकड्यात गाय सापडली आहे. मी कोंडवाड्यावर गेलो. आत एक तांबडी, हाडकुळी, पोटुशी गाय उभी होती. दाराशी एक बाई उकिडवी बसली होती. गिरजाबाई. बौद्धवाड्यातली, चाळिशीची, नवरा गेलेला, मुलगी सासरी. जमीन नाही. दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची, आणि घरात ही एक गाय, तांबू.

"नकाशा तुम्हीच काढला का, बाबा?" तिनं विचारलं. ती मला कधीच डॉक्टर म्हणाली नाही.

"हो, मावशी. गवताला जरा दम खाऊ द्यायला पाहिजे."

"खाऊ द्या की. पन तुमच्या नकाशात माझी गाय कुठं चरते तेवढं बोट ठिवून दावा."

मी म्हणालो, बाकीचे तीन तुकडे उघडे आहेत.

"ते टेकाडापल्याड. मी दिस उगवला की खुरपायला जाते. तांबू ओढ्याकाठी चरायची, वाड्यातलं कुनीबी म्हातारं दारात बसून नजर ठिवायचं. आता टेकाडापल्याड तिच्यामागं कोन जाईल? मी गेले तर मी काय खाऊ?" मग ती शांतपणे म्हणाली, "ज्यांला शेत हाय त्यांला बांध हाय. बांधावर गवत हाय, घरात कडबा हाय. आमाला बांधच नाय. आमचा बांध म्हनजे गायरान."

तात्यांनी ताकीद देऊन गाय सोडून दिली. जाताना गिरजाबाई मला एवढंच म्हणाली, "तुमी तर आपल्यातले."

पुढच्या रविवारी मी घरी आलो. मारवेलची काडी कागदात गुंडाळून दादांना दाखवायला आणली होती. त्यांनी ती हातात घेतली, वास घेतला. मी सगळी हकीकत सांगितली, गिरजाबाईचीही. मला वाटलं होतं ते म्हणतील, चांगल्या कामात असं थोडंफार होतंच.

त्यांनी काडी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "आमच्या गावात विहीर आमची नव्हती, देऊळ आमचं नव्हतं. पानवठासुदीक निराळा. पन गायरानात आमची शेळी पाटलाच्या गाईशेजारी चरायची. तिला कुनी हाकलत नव्हतं. गावात सगळ्यांचं म्हनावं असं तेवढंच होतं."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

आणि मग पावसानं ओढ दिली. श्रावण म्हणजे ऊन-पावसाचा खेळ, पण त्या वर्षी नुसतं ऊनच. तिन्ही उघडे तुकडे मुळापर्यंत खरवडले गेले. बंद तुकडा तेवढा हिरवा, आणि भुकेल्या गावाच्या डोळ्यांत तो रोज जास्त हिरवा होत होता. गुरं चुन्याच्या दगडांपाशी येऊन उभी राहायची आणि आत बघत राहायची. मला गुरांपेक्षा त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांच्या नजरेला नजर देववेना.

अशातच एका सकाळी गिरजाबाई धावत आली. तांबू अडली होती. मी गेलो तेव्हा गाय जमिनीवर आडवी, कळ द्यायचीही ताकद राहिली नव्हती. वासराचे पाय बाहेर आले होते. दोन तास मी खटपट केली. मी ओढत होतो आणि गिरजाबाई तांबूचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानात पुटपुटत होती, "जरासं, माय, आजून जरासं." वासरू बाहेर आलं ते थंडच. कालवड होती.

अडलेली गाय चांगल्या खुराकावरही अडते, हे मला ठाऊक आहे. उपासमारीनंच ते वासरू गेलं असं शास्त्र ठामपणे सांगणार नाही. पण माझे हात कोपरापर्यंत माखलेले होते, समोर बरगड्या मोजता येतील अशी गाय होती, आणि दीडशे पावलांवर मी राखलेलं गवत वाऱ्यावर हलत होतं. त्या वेळी मला शास्त्राचा आधार घ्यावासा वाटला नाही.

वासरू तिथं ठेवून चालणार नव्हतं. वाड्यातली दोन माणसं दारात उभी होती, पण कुणी पुढं होईना. मेलेलं जनावर उचलायचं नाही, ही त्यांनी घेतलेली शपथच होती, आणि ती माझ्याही घरानं घेतलेली होती. मी वाकलो आणि कालवड दोन्ही हातांवर उचलून घेतली. गिरजाबाई कुदळ घेऊन मागं आली. ओढ्याकाठी आम्ही खड्डा केला. आज्यानं टाकलेली दोरी मी पुन्हा उचलली असं मला एक क्षणही वाटलं नाही. आज्यावर ते काम लादलेलं होतं. हे माझ्या वाटणीचं होतं.

माती लोटून झाल्यावर मी म्हणालो, "मावशी, मी तात्यांना सांगतो. तुकडा उघडून टाकू."

ती हात धुऊन घराकडे गेली. तांबूला पाणी पाजायचं होतं.

चौथ्या दिवशी चावडीपुढे पुन्हा सभा. पोळा तोंडावर आला होता, बैल उपाशी, माणसं चिडलेली. "उद्याच्याला दगड काढा," असं चारही बाजूंनी सुरू झालं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. उघडा म्हणावं तर फुलोऱ्यावर आलेलं गवत आठ दिवसांत संपेल, बी पडणार नाही, सगळं मुळातून वाया. बंद ठेवा म्हणावं तर कुठल्या तोंडानं?

तेवढ्यात मागून आवाज आला, "जनावर आत घालू नका."

गिरजाबाई सभेच्या कडेला, खांबापाशी उभी होती. तोवर मी त्या चावडीपुढे कुठलीही बाई बोलताना ऐकली नव्हती. सगळ्यांनी माना वळवल्या.

"जनावराचं तोंड आत गेलं की ते आधी ग्वाड गवत हुडकतं, मुळासकट उपटतं, बाकीचं तुडवतं. इळा तसं करत नाय. चार बोटं सोडून कापला तर गवत पुन्यांदा फुटतं. जनावर नको, इळा जाऊ द्या."

"मग रोज सगळं गाव विळे घेऊन जाईल!" कुणीतरी ओरडलं.

"सगळं गाव नाय. आधी ज्याला बांध नाय त्याचा इळा. रोज एक भारा. बी झडल्यावर मग सगळ्यांनी कापा."

मोठा गलका झाला. तात्यांनी हात वर केला. त्यांना ठाऊक होतं काय झालं होतं ते. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ते म्हणाले, "गिरजे, तुझं वासरू गेलं. उघडा म्हनायचा सगळ्यात आधी हक तुझा. आन् तूच नको म्हनतीस?"

"माझं वासरू गेलंच की, तात्या," ती म्हणाली. "आता गवतबी गेलं, तर ते कशापायी गेलं?"

कापून आणून चारण्याबद्दल माझ्या पुस्तकात एक आख्खं प्रकरण होतं. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. मी उभा राहून तेवढंच बोललो: "मावशी सांगतात ते बरोबर आहे. हे मी सांगायला पाहिजे होतं." तात्यांनी निर्णय दिला, आणि राखण कुणी करायची असं विचारल्यावर कुणी पुढं येईना, म्हणून ती गिरजाबाईवरच टाकली. काहींना ती थट्टाच वाटली असावी.

पोळा झाला. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भर दुपारी, गावातल्या सगळ्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. गावच्या मुख्य रस्त्यानं दोन उंच खिल्लारी बैल चालले होते, शिंगांवरचा पोळ्याचा रंग आणि बेगड अजून चमकत होतं, आणि त्यांच्यामागं हातात तरवडाची फोक घेतलेली गिरजाबाई. बैल दामूतात्यांचे होते. तात्यांच्या पुतण्यानं ते दगडांच्या आत घातले होते. तिला कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. तिनं ते कोंडवाड्यात घातले आणि दाराशी बसून राहिली, ज्या जागी महिन्यापूर्वी बसली होती तिथंच.

तात्या आले. मी जवळच होतो. काही वावगं झालं तर मध्ये पडायचं असं ठरवून. तात्यांनी आधी बैलांकडे पाहिलं. या माणसानं पोळ्याला त्या बैलांच्या खुरांवर स्वतःच्या हातानं पाणी घातलं होतं. मग त्यांनी गिरजाबाईकडे पाहिलं.

"दार नीट लागलंय का?" त्यांनी विचारलं.

"लागलंय."

"बरं," म्हणाले आणि निघून गेले. बैल दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे सुटले.

असं सांगितलं की गोष्ट फार सरळ वाटते. तशी ती नव्हती. त्या हंगामात दोन मोठ्या घरांनी गिरजाबाईला खुरपायला बोलावणं बंद केलं. तात्यांचा पुतण्या माझ्याशी पुढं वर्षभर बोलला नाही, आणि माझ्या बदलीसाठी वर अर्ज गेले. गवताचा प्रश्न हा गवताचा कधीच नसतो, हे मी तेव्हा शिकलो. कुणाचं जनावर कुठं चरतं यात कोण गावात कुठं उभं आहे ते सगळं लिहिलेलं असतं.

शेवटी हस्तात पाऊस झाला. भारे निघत होते तरी बंद तुकड्यात गवत छातीला लागत होतं. बी झडायच्या दिवसांत मी आणि गिरजाबाई एकदा तिथून चाललो होतो. ती ओंजळीत पवन्याचे तुरे ओरबाडून घ्यायची आणि उघड्या माळाच्या दिशेनं फेकायची. "वारा नेतोच की," मी म्हणालो. "वाऱ्याला काय कळतं कुठं न्यावं," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी दुसरा तुकडा बंद झाला, पण या वेळी गिरजाबाई आणि वाड्यातली आणखी दोन माणसं माझ्याबरोबर माळ फिरली, आणि ओढ्याकाठची पट्टी वाड्यातल्या जनावरांसाठी कायमची मोकळी ठेवून मगच दगड मांडले. तांबू त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा व्याली. गोऱ्हा झाला, चारही पायांवर धडधाकट. आम्हा दोघांनाही कालवड हवी होती.

तीन वर्षांनी माझी बदली पेठला झाली. तिथला पाऊस निराळा, डोंगर निराळे, डांगी गुरं निराळी, आणि गवत इतकं की राखायचं कशाला असा लोकांना प्रश्न पडावा. तिथं मी कधी नकाशा काढला नाही. आधी माळ फिरायचो, मग वाड्यावाड्यांवर जाऊन बसायचो, बायांना विचारायचो. लोक म्हणायचे, हे डॉक्टर सुई कमी टोचतात, गप्पा जास्त मारतात.

आता त्या प्लॉटकडे बघताना कधी कधी वाटतं, आपण गवताला किती सहज कचरा म्हणून टाकतो. गवत काही मागत नाही. खाल्लं तरी येतं, कापलं तरी येतं, जाळलं तरी येतं. म्हणून त्यालाही अंत असतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि आपण त्याचा अंत पाहतो तेव्हा ते कुणाला कळतही नाही. माणसांचंही असंच असावं. जी सोसतात त्यांच्याकडून आणखी थोडं सोसून घ्यायचं, हीच आपली व्यवस्था. माझ्या त्या सुबक नकाशातसुद्धा तीच होती, आणि मला ती दिसली नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, कामानिमित्त सिन्नरला गेलो होतो. हातात दुपार मोकळी होती. एस.टी. पकडून पांढरखडीला उतरलो. चावडीपुढे सभा भरली होती. तात्या आता सरपंच नव्हते, काठी घेऊन बाजूच्या ओट्यावर बसले होते. खाली सतरंजीवर पुरुष, आणि एका अंगाला दहा-बाराजणी. त्यांत गिरजाबाई. केस पांढरे झालेले, आवाज तोच. यंदा कोणता तुकडा बंद ठेवायचा यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. कुणी म्हणत होतं टेकाडाकडचा, कुणी म्हणत होतं नाय, गेल्या वर्षीचाच, तिथं अजून मारवेल धरलेला नाय, आणिक एक वरीस बंद राहू द्या. मी मागं उभा राहून ऐकत होतो. 'मारवेल धरला नाही' हे वाक्य तात्यांच्या पुतण्याचं होतं.

गिरजाबाईनं मला पाहिलं. ओळखलं. जागेवरूनच हात केला, आणि बसा, अशी खूण केली. मला वाटलं, आता मला विचारतील. मी मनात दोन-चार मुद्दे जुळवलेसुद्धा. कुणीतरी चहा आणून दिला. बशीत ओतून तो प्यालो. भांडण पुढं सरकलं, मिटलं, हात वर झाले, आणि लोक उठून धोतरं-पदर झटकू लागले.

गिरजाबाई माझ्यापाशी आली. "ठरलं बगा, बाबा," ती म्हणाली. "तुमाला कुनी इचारलंच नाय."

"नाही विचारलं," मी म्हणालो.

आम्ही दोघंही हसलो. मग मी परतीची एस.टी. गाठायला निघालो, आणि थांब्यापर्यंतच्या त्या उन्हात माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं समाधान माझ्याबरोबर चालत होतं.